गिऱ्हाईक कोण, ते आधी बघा

मागच्या अंकात पूर्वेकडे जन्मलेल्या पण पश्चिमेकडे वाचल्या जाणाऱ्या कादंबरीकारांवर एक लेख छापला होता, त्यात 'ओरिएंटॅलिझम' हा शब्द बराच आला आणि त्यावर पत्रं नि मेल पण बरीच आली. काही चिडलेली, काही गोंधळलेली. निवडक घेतलीत, लांबलचक होती ती कापलीत, आणि दोघातिघांनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं म्हणून मग कुणाचंच छापलं नाहीये.

ताई, लेख वाचला पण ओरिएंटॅलिझम म्हणजे नक्की काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोऱ्या माणसाने आपल्याबद्दल काहीबाही लिहिलं तर समजू शकतो, पण जो काबूलला नाहीतर कोलकात्याला जन्मला तो आपल्याच लोकांबद्दल परक्यासारखं कसं लिहील? हा आरोपच मला विचित्र वाटतो.
— एक वाचक, सातारा

१८५० साली फ्लोबेर हा फ्रेंच लेखक इजिप्तला गेला होता, तिथे त्याला कुचुक हानेम नावाची नर्तकी भेटली, त्याने तिच्याबद्दल लिहिलं आणि पूर्वेकडची बाई कशी असते ते पुढे युरोपला त्यातून 'कळलं'. आता त्या सगळ्या लिखाणात ती स्वतः काही बोलतच नाही. तिला हा फ्रेंच पाहुणा कसा वाटला, ती कुठून आली, तिचं काय म्हणणं होतं, काही नाही. तो पैसेवाला, परदेशी, पुरुष, म्हणून बोलणार तोच. एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम' मध्ये हे उदाहरण घेतलंय आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकाची किल्ली तिथेच आहे. सैद जेरुसलेमला जन्मलेले पॅलेस्टिनी, न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत साहित्य शिकवायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की युरोपातल्या पंडितांनी, प्रवाशांनी, कादंबरीकारांनी मिळून एक 'पूर्व' रचली, आळशी, कामुक, गूढ, हजार वर्षं जागची न हललेली, आणि एकदा ती रचली की अशा लोकांवर राज्य आपणच केलेलं बरं हे ओघानेच आलं.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे, की आपला माणूस असं कसं करेल. अहो करतो की. जन्माचा दाखला इथे कामाला येत नाही. लांब कशाला, नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी घ्या. मूळ पारशी, धर्माने ख्रिस्ती घर, बालपण नि शिक्षण पुण्यात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, मग ऑक्सफर्डला कायदा. १९०१ मध्ये त्यांचा इंग्रजी कथासंग्रह आला, नावच 'पडद्याआडचं प्रेम आणि जीवन' अशा अर्थाचं. स्वतः त्या कधी पडद्यात राहिल्या नाहीत. पण इंग्रज वाचकाला जिथे डोकावता येत नव्हतं तिथे ह्या डोकावू शकत होत्या, आणि पुस्तक विकलं जाणार होतं ते त्या डोकावण्यावरच. गंमत म्हणजे पुढे १९०४ पासून बंगालात त्यांनी खऱ्याखुऱ्या पडदानशीन बायकांच्या इस्टेटीची, वारसाहक्काची सरकारी कामं पाहिली, किती बायकांना त्यांचा आधार झाला. म्हणजे बाई वाईट वगैरे अजिबात नाहीत. ब्रिटिश राज्याच्या बाजूच्या होत्या हे खरं. पण वकील म्हणून त्या त्या बायकांचं ऐकत होत्या आणि लेखिका म्हणून त्यांना दाखवत होत्या, हा फरक मला फार बोलका वाटतो.

हायवेवर ती 'गावरान' थीमची हॉटेलं असतात ना, बाहेर रंगवलेली बैलगाडी, वेटरला फेटा, मालक बऱ्याचदा त्याच गावचा असतो आणि गावातलं कुणी तिथे जेवायला जात नाही. तसंच आहे हे. मालक कुठला हे विचारून काही कळत नाही, गिऱ्हाईक कोण ते बघायचं.

'काइट रनर' वाचून मी दोन दिवस रडले होते. आता मुलगा म्हणतो आई ते अमेरिकनांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे, तुला फसवलं. खरंच का हो? मग माझं रडणं चुकीचं होतं का?
— एक वाचक, नागपूर

रडणं कसं चुकीचं असेल, मुलाला सांगा गप बस. पण मुलगा जे म्हणतोय ते पूर्ण टाकाऊ पण नाही, म्हणून थोडं खोलात जाते.

'काइट रनर'चे लेखक खालिद हुसैनी १९६५ साली काबूलला जन्मले, वडील परराष्ट्र खात्यात होते म्हणून १९७६ ला कुटुंब पॅरिसला गेलं, तिकडे देशात आधी सत्तापालट नि मग रशियन फौजा, परत जाता आलं नाही, १९८० मध्ये अमेरिकेत आश्रय घेतला. डॉक्टरकी करता करता त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि लिहून झाल्यावर २००३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, ते परत काबूल बघायला गेले. पुस्तक पण त्याच वर्षी आलं. ९/११ होऊन दोन वर्षं झालेली, अमेरिकन सैन्य तिकडे, आणि घरोघरी प्रश्न की हे अफगाण लोक आहेत तरी कोण. त्या प्रश्नाला इतकं वाचनीय उत्तर दुसरं कुणी दिलं नव्हतं.

आता कथेत घोडं कुठं पेंड खातं ते बघा. सगळा दुष्टपणा एका असेफमध्ये गोळा केलाय, लहानपणी गुंड, हिटलरचा भक्त, मोठा झाला की तालिबानी, म्हणजे अमेरिकन वाचकाला राक्षस ओळखायला जराही त्रास नको. अफगाणिस्तानची ही अवस्था होण्यात अमेरिकेचा, पाकिस्तानचा, रशियाचा हात किती ह्याचा हिशोब कथेत फारसा नाही. आणि शेवटी सोहराब नावाचा अनाथ पोरगा वाचतो तो कॅलिफोर्नियाला पोचून. एवढ्यावर मुलाचा मुद्दा बरोबर आहे.

पण मला ह्याहून टोचतो तो हसन. तो हजारा, म्हणजे तिकडे खालच्या मानलेल्या जमातीचा, नोकराचा मुलगा, जीव ओवाळून टाकणारा. अमीर मात्र पश्तून, म्हणजे वरचढ जमातीतल्या साहेबाचा मुलगा, आणि गोष्ट सांगणाराही तोच. त्यामुळे हसनच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला जवळजवळ कधीच कळत नाही, तो नुसता चांगला आहे, खूप चांगला आहे, सहन करतोय. कुचुक हानेम आठवली का? फक्त इथे बघणारा कुणी युरोपियन नाही, काबूलमधल्याच बंगल्यातला पोरगा आहे. वरच्याने खालच्याकडे बघायची ती नजर पश्चिमेने आणून दिली असं म्हणून सुटता येत नाही, ती घरातच होती. हुसैनींना हे थोडंफार कळलेलं असावं असं मला वाटतं, कारण अमीरचा अपराधीपणा सगळा त्याच्यावरच उभाय.

सिनेमाचं जे झालं ते तर पुस्तकाहून विलक्षण. २००७ च्या त्या पिक्चरमधलं काबूल चीनमध्ये काशगरला शूट केलं, सुरक्षेच्या कारणाने. आणि काम करणारी काबूलची मुलं होती त्यांना, हसनवरच्या लैंगिक अत्याचाराच्या सीनमुळे जातीय राग उसळेल ह्या भीतीने, रिलीजच्या आधी स्टुडिओने अमिरातीत नेऊन ठेवलं. त्यासाठी रिलीजही पुढे ढकलला. अफगाणिस्तानात त्यावर बंदीच आली. गोष्ट ज्यांची, त्यांच्यात तिचा अर्थ वेगळाच लागत होता.

ह्या सगळ्या पुस्तकांच्या कव्हरवर मेंदीचे हात, साडीचा काठ, बुरख्यातले डोळे हेच का असतं? लेखक ऑब्जेक्शन घेत नाहीत का?
— एक वाचक, मडगाव

कव्हर प्रकाशकाच्या मार्केटिंगवाल्यांच्या हातात असतं, नवख्या लेखकाचं तिथे फारसं चालत नाही.

एक किस्सा सांगते, कादंबरीचा नाही, आठवणींच्या पुस्तकाचा आहे पण चपखल आहे. आझर नफीसी यांचं 'रीडिंग लोलिता इन तेहरान' २००३ मध्ये आलं. कव्हरवर डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन मुली माना खाली घालून काहीतरी वाचतायत, साहजिकच आपण समजतो की चोरून परदेशी कादंबरी वाचतायत. हमीद दबाशी ह्या इराणी प्राध्यापकांनी, हेही कोलंबियाचेच, २००६ मध्ये दाखवून दिलं की मूळ फोटोत त्या पोरींच्या हातात वर्तमानपत्र आहे, निवडणुकीच्या बातम्यांचं. ते कातरलं. मतदानाचा निकाल वाचणाऱ्या मुलींच्या बिचाऱ्या अबला झाल्या. दबाशींचा बाकीचा लेख मला अति कडक वाटतो, लेखिकेला जवळजवळ साम्राज्याची हस्तक ठरवलंय त्यात, पण फोटोचा मुद्दा खोडता येत नाही.

आणि हो, सैद यांच्या पुस्तकाच्या गाजलेल्या आवृत्तीच्या कव्हरवर पण जेरोम ह्या फ्रेंच चित्रकाराचा गारुडीच आहे, नागडा पोरगा अंगाला साप गुंडाळून उभा. तिथे तो टीकेसाठी आहे हे मान्य. पण दुकानात लांबून बघणाऱ्याला काय कळतंय.

नेमाडे हे सगळं कधीपासून सांगतायत. इंग्रजीत लिहिलं की लेखक साहेबाचा झाला, विषय संपला. तुम्ही लोक मात्र रश्दी-बिश्दींना डोक्यावर घेता. देशीवाद मान्य करायला इतका त्रास का होतो?
— एक वाचक, पुणे

त्रास होत नाही, अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर भांडू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देशीवाद म्हणजे साहित्य आपल्या मातीतून नि भाषेतून यावं हा नेमाड्यांचा आग्रह. फेब्रुवारी २०१५ मध्ये भालचंद्र नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं, त्यांनी रश्दी आणि नायपॉल पश्चिमेला खूश करायला लिहितात अशा अर्थाची टीका केली, मग रश्दींनी ट्विटरवर म्हाताऱ्याला शिवी हासडली आणि बक्षीस घे, नीट आभार मान, ज्याच्यावर बोलतोयस ते वाचलंयस तरी का असं सुनावलं. वाचलंयस का हा प्रश्न रश्दींनी विचारावा ह्याचं मला हसूच आलं होतं. १९९७ मध्ये स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त ह्याच माणसाने भारतीय लेखनाचं एक संकलन काढलं, प्रस्तावनेत म्हटलं की स्वातंत्र्यानंतर इंग्रजीत जे झालं ते सोळा भाषांतल्या बहुतेक लेखनाहून भारी आहे, आणि आत अनुवादित गोष्ट घेतली एकच, मंटोची. म्हणजे पन्नास वर्षांतलं मराठी, कन्नड, मल्याळम, बंगाली सगळं जे काय अनुवादातून हाताला लागलं त्यावर निकालात काढलं. इथे नेमाड्यांच्या रागाला माझा पूर्ण पाठिंबा.

पण भाषा बदलली की नजर बदलते, हे मला पटत नाही. आपल्याकडचंच घ्या. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७, मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात. मराठीतच आहे की. विधवांचे हाल त्यात खरे आहेत, पण त्यांच्यावरचा उपाय ख्रिस्ती धर्माच्या दिशेला आहे, नजर मिशनरी आहे. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने उभी राहिली, ते स्कॉट, डिकन्स वाचून तयार झालेले, आणि तरी १८९० च्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू स्वतःच्या तोंडाने बोलते आणि एकही वाक्य परक्याला समजावण्यासाठी बोलत नाही. सांगाडा बाहेरून आला, नजर नाही आली. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली ना की सगळा वाद फुकट जातो. प्रभाव सगळ्यांवर असतो. नेमाडे स्वतः वर्षानुवर्षं इंग्रजी साहित्य शिकवत होते, लंडनलाही शिकवून आले, आणि 'कोसला'ची तुलना अमेरिकन कादंबरीशी कितीदा झालीय ते तुम्हाला माहीत असेलच. त्याने पांडुरंग सांगवीकर काही न्यूयॉर्कचा होत नाही.

आता कोलटकर. 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत आली, कविता आहे, कादंबरी नाही, पण वाद तिच्यावरून चांगलाच पेटला. नेमाड्यांनी लिहिलं की कोलटकर मुंबईच्या वीकेंड टुरिस्टसारखे येतात आणि जातात. वाक्य झणझणीत आहे. पण पहिलीच कविता उघडा, एसटीचा प्रवास, खिडक्यांच्या ताडपत्र्या खाली सोडलेल्या, बाहेरचं काही दिसत नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात स्वतःचाच दुभंगलेला चेहरा दिसतोय, बघायला मिळालेला मुलूख तेवढाच. म्हणजे मी टुरिस्ट आहे आणि मला इथे मीच दिसतोय हे कवीने पहिल्याच कवितेत कबूल केलंय. पुढे मग कुणी त्याला टुरिस्ट म्हणून पकडलं तर त्यात नवीन ते काय पकडलं?

आणि नेमाड्यांच्या वाटेला अजून एक खड्डा आहे. सादिक जलाल अल-आझम ह्या सीरियन विचारवंताने १९८१ मध्येच सैदना उत्तर देताना दाखवलं होतं की पूर्वेकडचे लोक तोच चष्मा उलटा करून घालू शकतात. साहेब म्हणाला तुम्ही अध्यात्मिक, न बदलणारे, आमच्याहून मुळातच वेगळे, आणि आपण म्हणायचं हो हो आहोतच आम्ही वेगळे, आणि तेच श्रेष्ठ. चौकट साहेबाचीच राहते, मार्क फक्त आपण आपल्याला देतो. देशीवाद सगळा असा आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नावावर सोशल मीडियावर जे चालतं त्यातलं बरंचसं असंच आहे.

किरण नगरकरांचं नाव घेऊन हे संपवते. 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४, मराठीत, तेव्हा आपल्या लोकांनी फार काही डोक्यावर घेतलं नाही. 'रावण अँड एडी' पण सुरुवातीला मराठीत लिहायला घेतली होती, पुढे १९९५ मध्ये इंग्रजीत आली, आणि मग मराठीवाले चिडले की हा तिकडे गेला. मुंबईच्या चाळीतली कादंबरी आहे ती, खाली एका कुटुंबाचं पोर, वर दुसऱ्याचं, हिंदू नि कॅथलिक, पाणी भरायच्या वेळेवरून भांडणं. त्यात साहेबाला खूश करणारं पान दाखवा, मी पुढच्या अंकात छापते.

मुराकामी वाचला. स्पॅगेटी, जाझ, बीटल्स, मांजरं. जपान कुठाय? मला तर हा सगळ्यात जास्त पश्चिमेच्या प्रभावाखालचा लेखक वाटला.
— एक वाचक, ठाणे

प्रभावाखालचा आहेच, तो स्वतःच सांगतो. आईवडील दोघंही जपानी साहित्याचे शिक्षक, आणि हा अमेरिकन पेपरबॅक वाचणारा, टोकियोत जाझ बार चालवणारा. पहिली कादंबरी लिहिताना, ती १९७९ ला आली, सुरुवात जपानीत जमेना म्हणून त्याने ती आधी तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिली आणि मग स्वतःच जपानीत उलथवली, त्यातून ती छोट्या वाक्यांची शैली सापडली. जपानमधल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पण वर म्हटलं तसं, प्रभाव वेगळा नि नजर वेगळी. मुराकामीच्या कादंबरीत परदेशी वाचकासाठी मांडून ठेवलेलं असं काही नाही. टोकियोत राहणारा माणूस स्पॅगेटी उकडतो तर उकडतो, ठाण्यात पण उकडतात.

तुम्हाला जो जपान हवा होता ना, चेरीची फुलं, अबोल बायका, हळूहळू विरत जाणारं सौंदर्य, तो कुठून आला ते बघण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर क्नॉफ ह्या न्यूयॉर्कच्या प्रकाशनाने जपानी कादंबऱ्यांचे अनुवाद काढायला घेतले आणि निवडले मुख्यतः तानिझाकी, कावाबाता, मिशिमा. तिघंही मोठे, वादच नाही. पण कालपर्यंतचा शत्रू आता मित्र झाला होता आणि मित्र असा नाजूक, उदास, सुंदर असलेला बरा होता. कारखाने, संप, अणुबॉम्बनंतरचा संताप असं लिहिणारे मागे राहिले. १९६८ ला कावाबातांना नोबेल मिळालं, भाषणाचं नाव 'सुंदर जपान आणि मी' अशा धर्तीचं. १९९४ ला केन्झाबुरो ओएंना मिळालं, त्यांनी मुद्दाम तेच नाव घेऊन 'सुंदर' काढलं आणि तिथे 'संदिग्ध' घातलं. स्टॉकहोमच्या व्यासपीठावर उभं राहून स्वतःच्याच थोर पूर्वसूरीला असं चिमटा काढायला हिंमत लागते.

आणि इंग्रजीत लिहिणारा काझुओ इशिगुरो तर ह्या सगळ्यावरचा कळस. नागासाकीला १९५४ चा जन्म, पाच वर्षांचा असताना आईवडलांबरोबर इंग्लंडला गेला, परत जपानला पाय लागला तो १९८९ मध्ये. तोवर जपानवरच्या दोन कादंबऱ्या लिहून मोकळा झालेला, आठवणी नि कल्पनेच्या जोरावर, हे तो लपवतही नाही. परीक्षक म्हणायचे काय हा संयम, काय ही खास जपानी शांतता. मग त्याने तीच शांतता, तोच मनातलं न बोलणारा माणूस उचलला आणि एका इंग्रज बटलरच्या अंगावर चढवला, 'द रिमेन्स ऑफ द डे', १९८९, बुकर. आता म्हणायला लागले काय हा खास इंग्रजीपणा!

मी एमएला आहे, ह्या विषयावर पेपर लिहायचाय. लेखकाला ही नजर माहीत आहे आणि तो तिच्याशी खेळतोय असं एखादं पुस्तक सांगाल का? भारताबाहेरचं असेल तर बरं, भारतातली सगळ्यांनीच घेतलीयेत.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तय्यिब सालिह यांची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ'. डोळे झाकून हीच घे. छोटी आहे, सुदानी लेखक, मूळ अरबी, १९६६ मध्ये बैरूतच्या 'हिवार' मासिकात आली, इंग्रजी अनुवाद १९६९ चा. लेखक लंडनला राहून बीबीसीच्या अरबी विभागात काम करायचा पण लिहायचा अरबीतच, म्हणजे गिऱ्हाईक सरळसरळ अरबी वाचक.

त्यात मुस्तफा सईद नावाचा माणूस आहे, खार्तूमचा हुशार पोरगा, लंडनला जाऊन अर्थशास्त्राचा लेक्चरर होतो. दिवसा अर्थशास्त्र आणि रात्री दुसराच धंदा. त्याची लंडनची खोली नीट वाच, चंदन, धूप, आरसे, शहामृगाची पिसं, हस्तिदंत, सगळा बाजार मांडलेला. इंग्रज बायका येतात त्या त्याच्याकडे येत नाहीत, त्या खोलीतल्या पूर्वेकडे येतात, आणि त्याला हे पक्कं माहितीये. एकजण, इझाबेला सीमोर, त्याला विचारते तू आफ्रिकन की आशियाई, तर म्हणतो मी ऑथेल्लोसारखा आहे, अरब-आफ्रिकन. आमच्या राजधानीच्या रस्त्यांवरून हत्ती नि सिंह फिरतात म्हणून थापा मारतो आणि तिला ते हवंच असतं. म्हणजे साहेबाने रचलेली पूर्व हा साहेबालाच परत विकतोय, आणि किंमत बायका जिवानिशी मोजतात, त्यातल्या जीन मॉरिसला तर तो स्वतःच्या हाताने मारतो. वाचताना तुला त्याचा राग पण येईल, सूड म्हणून आत कुठेतरी बरं पण वाटेल, आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटेल. पेपरमध्ये ते लिही, गाईडना आवडो न आवडो.

आणि मग दुसरी खोली. नाईलच्या काठावरच्या गावात त्याने एक कुलूपबंद खोली बांधलेली असते, शेवटी शेवटी निवेदक ती उघडतो तर आत इंग्लिश फायरप्लेस. सुदानच्या उन्हात! भिंती भरून इंग्रजी पुस्तकं, अरबी एक नाही, कुराण आहे ते पण इंग्रजीत. लंडनमध्ये नकली पूर्व आणि सुदानमध्ये नकली पश्चिम, दोन्ही खोल्यांचा मालक एकच. ह्या दोन खोल्या शेजारी शेजारी ठेवून लिहिलंस तरी पेपर होतो.

फक्त एक विसरू नको, बहुतेक जण विसरतात. गावातली हुस्ना बिंत महमूद. मुस्तफाची विधवा, तिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध एका म्हाताऱ्याशी लावतात, ती आधीच सांगते की असं केलंत तर मी त्याला मारेन आणि स्वतःला मारेन, कुणी मनावर घेत नाही आणि ती ते करते. त्यामुळे 'आपलं गाव पवित्र, पश्चिम नासकी' असा सोपा निष्कर्ष काढायची सोयच सालिह ठेवत नाहीत. अल-आझम ज्याबद्दल म्हणत होता तो खड्डा ते असा चुकवतात.

(जाता जाता, त्या 'हिवार' मासिकाचा पैसा ज्या सांस्कृतिक संस्थेकडून यायचा तिच्यामागे सीआयए होती हे त्याच सुमारास बाहेर आलं. साम्राज्याच्या विरोधातली अरबीतली सगळ्यात जबरदस्त कादंबरी सीआयएच्या पैशावर चालणाऱ्या मासिकात. हे तळटीपेत टाक.)

वेळ उरला तर ओरहान पामुकची 'स्नो' वाच, २००२ ची. तुर्कस्तानातलं कार्स गाव, इस्तंबूलहून आलेला शहरी लेखक, आणि शेवटी फाझिल नावाचा गावातला पोरगा त्याला म्हणतो की तू पुस्तकात मला घालशील तर वाचकांना माझा निरोप सांग, हा लेखक आमच्याबद्दल जे लिहील त्यावर विश्वास ठेवू नका, इतक्या लांबून आम्ही कुणाला कळणार नाही. पामुकने ते छापलंय.

माझी मुलगी न्यू जर्सीत कॉलेजला आहे, क्रिएटिव्ह रायटिंगचा कोर्स घेतलाय. तिने दोन रूममेट्सची गोष्ट लिहिली, पार्किंगच्या तिकिटावरून भांडतात आणि मैत्री तुटते अशी. प्रोफेसरने शेरा दिला की छान आहे पण तुझ्या कल्चरमधलं काहीतरी आण, आजी, लग्नं वगैरे. ती रडवेली झालीये. काय सांगू तिला? इंग्रजीत लिहिते म्हणून इकडचे नातेवाईक पण टोमणे मारतातच.
— एक आई, एडिसन

तिला सांगा हे जुनं दुखणं आहे, ती एकटी नाहीये. आर. के. नारायण ह्यांचं पूर्ण नाव नारायणस्वामी, 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ मध्ये ग्रॅहम ग्रीन ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या शिफारशीने लंडनला छापलं गेलं तेव्हा इंग्रज वाचकाच्या जिभेला झेपावं म्हणून नाव आखूड करायचा सल्ला त्यांना ग्रीननेच दिला होता. त्यांनी तो घेतला आणि मालगुडी मात्र होतं तसंच लिहिलं. कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे त्यांना बरोबर कळत होतं.

आणि दुसऱ्या बाजूने पण मार पडतो हे तिला आत्ताच कळलेलं बरं. विक्रम चंद्रांच्या मुंबईवरच्या कथासंग्रहातल्या गोष्टींची नावं धर्म, अर्थ, काम अशी आहेत. मीनाक्षी मुखर्जी ह्या आपल्याकडच्या फार मोठ्या समीक्षक, त्यांनी आक्षेप घेतला की ही संस्कृत नावं पश्चिमेला भारतीयपणा दाखवायला लावलीयत. चंद्रा भडकले, २००० साली त्यांनी अस्सलपणाच्या ह्या पंथावर एक लांब निबंध लिहिला, की हे शब्द माझ्या घरातले आहेत, ते मी वापरायचे की नाही हे दिल्लीच्या सेमिनारमध्ये का ठरावं? मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. म्हणजे तुमच्या मुलीला तिकडचे म्हणणार आजी आण आणि ती आणली की इकडचे म्हणणार आजी विकायला काढली.

तर गोष्टीतलं ते पार्किंगचं तिकीट गाळू नको म्हणावं. दोन मुली पार्किंगच्या पैशावरून मैत्री तोडतात ही तिची स्वतः पाहिलेली गोष्ट असणार, चांगली आहे. त्यातली एक मराठी असेल तर असू दे, तिचा डबा फ्रीजमध्ये असेल तर असू दे, फक्त डब्यातली आमटी म्हणजे काय ते वाक्यात समजावत बसू नको, रूममेटला माहीत असेल तेवढंच वाचकाला कळलं तरी चालतं. प्रोफेसरना तिने भांडायला न जाता एवढंच विचारावं की वर्गातल्या बाकीच्या मुलांना पण आजी आणायला सांगितलीय का. उत्तर काय येतंय ते मलाही ऐकायचंय, जरूर कळवा. आणि ग्रेड कमी आलीच तर येऊ दे, गोष्ट आमच्याकडे पाठवा, मराठीत करून दिवाळी अंकात घेऊ.